हद्द सरकवायचं अवजार

कुणाला पटायचं नाही, पण एआयला राज्य करायला मी शिकवलं, आणि तेही निपाणीजवळच्या आमच्या रानात, बांधावर बसून. आमची नात सोनल बेळगावात कंपनीत आहे. तिथं एआय एकमेकांशी राज्य जिंकायचा खेळ खेळतात. त्यांना खेळायला टूलं लागतात, मी त्यांना अवजारं म्हणतो. कुठलं अवजार कधी वापरायचं, ते सोनल लिहून देते आणि ते वाचूनच एआय चाल करतात.

त्यातल्या एका अवजारानं घोळ घातला. त्याचं नाव ‘हद्द सरकवणे’. दर पाळीला एआय शेजाऱ्याची जमीन खायचा आणि लढाई जुंपायची. पोरगी फोनवर रडकुंडीला आली.

"आप्पा, काय लिहू हो?"

म्हटलं, "लिव्ह, आधी शेजाऱ्याला विचारावं, मगच हद्द सरकवावी."

तिनं लिहिलं. त्या दिवसापासून लढाई बंद! दोन्ही राजे आता एकाच शेकोटीला बसून हुरडा खातात.

हे सगळं मी शेजारच्या रानातल्या आण्णाप्पाला सांगत होतो. तो मघापासून हातात मोजायची टेप घेऊन उभा होता, आणि मी काही त्याला बोलू देत नव्हतो. शेवटी तो बोललाच.

"जिनाप्पाण्णा, खेळातलं मला काय कळत न्हाय. पण हा बांध औंदाबी दोन हात माझ्या रानात आलाय. शेजाऱ्याला विचारा म्हणून तुम्ही सांगितलासा? साफ खोटं!"