उसना घास

"ती पावडर माझ्या म्हशीजवळ आणायची न्हाई!" सोनाजीनं डबा सुनेच्या हातात परत कोंबला.

मोरीनं परवा दावं तोडून ज्वारीच्या राशीत तोंड घातलं होतं. हावरटपणा नडला. तेव्हापासून रवंथ बंद, पोट गच्च. डॉक्टर औषध पाजून गेले आणि पचन सुधरायला यीस्टची पावडर रोज चारायला सांगून गेले.

"पाव फुगवायचं खमीर म्हशीला?" सोनाजी म्हणाला. "आधीच फुगलीय ती! आमचा बाप धडधाकट म्हशीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी म्हशीला चारायचा. आमी तेच करणार. येत्या गुरांच्या बाजारापर्यंत न्हाई सुधरली, तर इकून टाकीन."

शीतलचे डोळे भरले. मोरी वगार असतानाच तिच्या माहेराहून आलेली.

"तुमच्या मनासारखं करा, मामा. पण इकू नका."

सून शिकलेली, त्यात हट्टी. चोरून पावडर घालील म्हणून म्हाताऱ्यानं गव्हाणीपाशीच बाज टाकली. पाण्याची बादलीसुद्धा हुंगून बघायचा. रोज सांजच्याला शेजारच्या भावसिंगच्या म्हशीच्या जबड्यात हात घालून घास काढायचा आणि तस्साच मोरीच्या तोंडात सारायचा.

शीतलनं तक्रार केली नाही. उलट सकाळी पाटीभर भिजवलेली पेंड भावसिंगच्या म्हशीला नेऊन घालू लागली.

"काहून गं?"

"तिच्या तोंडचा घास काढतो आपण. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

सोनाजीला बरं वाटलं. पोरगी हट्टी असली तरी माणुसकीची होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी मोरी बसल्या बसल्या जबडा हलवू लागली. सोनाजी बाजेवरून उठला, तिच्या गळ्यात पडला आणि लेकरागत रडला.

"बघ, शीतल! पावडरीबिगर सुधरली का न्हाई? फेकून दे तो डबा!"

"व्हय मामा," शीतल म्हणाली आणि डोळे पुसत मोरीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

तेवढ्यात भावसिंग कुंपणापाशी आला.

"काका, माझी म्हैस लिटरभर दूध जास्ती देऊन राहिली. शीतलवहिनी पेंडीत रोज ती कोणती पावडर कालवून आणायच्या, तेवढं नाव सांगा."