दुवांक

सोसायटीच्या फाटकावरचा फलक सकाळी बदलला आणि केतकीताईंच्या पोटात पुन्हा दुखलं. पहिला दुवांक मैथिलीचाच! म्हणजे संक्रांतीपर्यंत तो बदलला नाही, तर पहिल्या दुवांकाच्या मानाचं हळदीकुंकू यंदाही तिच्याच घरी.

कोण कोणाशी बोलतं ते मनगटावरच्या पट्ट्या टिपायच्या. एखादं माणूस वगळलं तर किती जणांचा एकमेकांशी संबंध तुटेल, ते गणिताने काढलं की त्याचा दुवांक मिळायचा; ज्याचा सर्वांत मोठा, तो पहिला.

"सगळ्यांशी गोड गोड बोलते मेली," केतकीताई सुनेला म्हणाल्या.

"मग तुम्हीही बोला ना, आई," इरा म्हणाली.

केतकीताईंना त्याहून सोपी वाट दिसली. लोकांनी आपापसांत बोलणंच सोडलं, तर सगळे निरोप आपल्यामार्फत जाणार. त्यांनी याचं त्याला सांगितलं, त्याचं याला. संक्रांतीपर्यंत सोसायटीभर अबोला पसरला आणि पहिला दुवांक त्यांचा आला.

हळदीकुंकवाला बायका आल्या आणि वाण घेऊन एकमेकींकडे न बघता बसल्या. मैथिली आलीच नाही. केतकीताईंनी ऐटीत भिंतीवर कोण कोणाशी बोलतं त्याचा नकाशा उघडला. प्रत्येक रेष त्यांच्यातून जात होती. फक्त एक सोडून. ती मैथिलीपासून निघून थेट इरापाशी पोहोचत होती.

त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर मैथिलीची वाटी होती. रिकामी परत जाऊ नये म्हणून इरा तीत तिळाच्या वड्या भरत होती.

सासूला बघून तिने वाटीवर हात धरला.

"आई," ती म्हणाली, "एवढं एक तरी राहू द्या."