मान कशानं धरली?

“फोन दे बघू इकडं,” नीलम मॅडम म्हणाल्या. शिरूरात त्यांचा मानपाठीच्या दुखण्याचा दवाखाना. समृद्धीनं कचरत फोन दिला. तिची आई सविता शेजारीच बसली होती. ती हसली.

“त्यात काय बघताय मॅडम? वैरणीच्या भाऱ्यानं मान धरलीय पोरीची. सहा महिने झालं.”

मॅडमनी फोनवर बोट फिरवलं. “रोजचे सात तास आहेत. त्यातले साडेसहा नुसते रील्स. अहो ताई, डोक्यावर भारा घेतला की मान सरळ ठेवावी लागते. हिची वाकून वाकून आखडलीय, खांदे पुढं आलेत. हे दुखणं फोनचंय.”

सविताचं हसू तिथंच विरलं.

मान धरली तवा समृद्धीचे वडील, पोपटराव, घर डोक्यावर घेऊन बसले होते. “फोनच्या नादानं झालं असंल तर कॉलेज बंद. स्थळं बघतो!” पोरगी रडत म्हणाली, भारा वाहून झालं. आन् सविता, भोळी बाई, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, “माझी पोरगी खोटं बोलायची न्हाई.” त्या दिवसापासून त्यांच्या निमोणे गावच्या रानातनं दोन्ही गायांची वैरण ती एकटी वाहत होती. पोरगी दार लावून ‘अभ्यास’ करायची, तर हीच आत चहा नेऊन द्यायची. अशी फसली बिचारी! परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या तरी हासडल्या असत्या. पोटच्या पोरीला काय म्हणायचं?

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सविताचा फोन वाजला. पोपटराव होते.

“काय म्हणली डॉक्टरीण? कशानं झालंय?”

समृद्धीनं रस्त्यातच हात जोडले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. सविता तिच्याकडं बघत राहिली. पलीकडनं पोपटराव ‘हॅलो, हॅलो’ करत होते.

“भाऱ्यानंच झालंय,” सविता म्हणाली. “व्यायाम सांगितलाय. हुईल बरी.”

फोन बंद झाला तशी समृद्धी रडत तिच्या गळ्यात पडायला आली. “आई गं, चुकलं माझं...”

सवितानं तिचे हात बाजूला केले.

“कालेज वाचलं तुझं. आता चार दिस मला आई म्हनू नको.”