कुणी मरायला नको

“युद्धाची हवीत. पण करमणुकीची,” प्रूफरीडर म्हणाले.

फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याने मान वर केली. “युद्धाची आणि करमणुकीची?”

“साहसाच्या कादंबऱ्या हो. पोरगा शत्रूच्या हद्दीत घुसतो, धमाल उडवतो, परत येतो. कुणी मरायला नको.”

“मग ते युद्ध कसलं, काका? ती तर सहल झाली.”

हा सहावा पुस्तकवाला. आधीच्या एकाने नकाशांसकट चार किलोंचा इतिहास पुढे केला होता. दुसऱ्याच्या कादंबरीत नायक पहिल्याच पानावर मरत होता आणि पुढची तीनशे पानं बोलत होता. प्रूफरीडरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. संध्याकाळच्या आत पत्र लिहून व्हायला हवं होतं.

पत्र चिरंजीवांचं. लिहायचं मात्र तीर्थरूपांनी.

चिरंजीव लढाईवर गेले त्याला वर्ष होत आलं होतं. पहिल्या आठ महिन्यांत त्यांची आठ पत्रं आली. टपाल यायचं दुपारी, तेव्हा प्रूफरीडर छापखान्यात. संध्याकाळी चहाबरोबर बायको वाचून दाखवायची. मुलाचं अक्षर तिनेच घोटून घेतलेलं, त्यामुळे हुबेहूब तिच्या वळणाचं. आणि मजकूर काय एकेक! एकदा म्हणे हा शत्रूच्या छावणीत रिकाम्या पिंपात लपला, तर त्यांचा एक अधिकारी नेमका त्याच पिंपावर बसून पाव खायला लागला. दोन तास. याला आतून शिंक आली, तेवढ्यात वरच्यालाही आली, म्हणून खपून गेली. हे पत्र प्रूफरीडरांनी छापखान्यात वाचलं, तेव्हा मशीनवाल्याने मशीन थांबवलं होतं. आठ पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका दोनच. बापाची छाती फुगली होती.

नवव्या महिन्यात पत्र आलं नाही. बायकोच्या डोळ्यांपुढे वर्षभर धुकं दाटत होतं, त्याच महिन्यात ते पुरतं उतरलं. डॉक्टरांनी हात टेकले. तिने अंथरूण धरलं, भिंतीकडे तोंड करून. ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं.

तेव्हा प्रूफरीडरांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच पत्र लिहिलं. चाळीस वर्षं लोकांची वाक्यं दुरुस्त करण्यात गेलेली, स्वतःचं असं एकही जमवलेलं नव्हतं. जे उतरलं ते असं: “इथे हवा बरी आहे. जेवण वेळेवर मिळते. आपली प्रकृती, कशी आहे.”

घरी जाऊन जीव मुठीत धरून वाचलं. ती ताडकन उठून बसली. कागद हातात घेतला, हुंगला, गालाला लावला आणि अशी रडली, की आधीच्या आठ पत्रांना मिळूनही तेवढी रडली नव्हती.

“खरंच आलं?” ती म्हणाली. “परत वाचा.”

चार वेळा वाचलं. त्या रात्री ती पोटभर जेवली.

पुढच्या महिन्याचं दुसरं पत्र मात्र अंगाशी आलं.

“हवा बरी आहे हे मागच्या वेळी लिहिलं होतं,” ती म्हणाली. “अहो, तो काही लपवत तर नाही ना? कुठे लागलं नसेल ना त्याला?”

“छे! हवा खरंच बरी असेल.”

“मुलगा काय हवेबद्दल लिहितो? धड असता तर हसला असता एखाद्या ओळीत.”

ताट पुन्हा परत जायला लागलं. या आठवड्यात ती पाण्यालाही नको म्हणू लागली. काल प्रूफरीडरांच्या तोंडून निघून गेलं, “छापखान्याच्या पत्त्यावर पत्र आलंय. मोठं आहे. उद्या आणतो.” ती एवढंच म्हणाली, “उद्या नक्की ना?”

“शिलाई मशीनच्या दुकानामागे बघा,” पुस्तकवाला म्हणाला. “तिथे नाही मिळालं, तर तुम्हीच लिहा एखादी.”

मागचं दुकान बोळाएवढं होतं. दुकानदार एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावत बसला होता. प्रूफरीडरांनी अट सांगितली. हा हसला नाही. त्याने फळीखालून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला.

“आठ आहेत. एकातही कुणी मरत नाही.”

प्रूफरीडरांनी गठ्ठा सोडून मधलंच एक उघडलं. छावणी. रिकामं पिंप. पाव खाणारा अधिकारी.

मूळ प्रत आणि उतारा ताडून पाहण्यात त्यांची हयात गेली होती. शब्दन् शब्द तोच. शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच, त्याच जागी.

त्यांनी आणखी एक उघडलं. तेही ओळखीचं. मग त्यांना हसू फुटलं.

लबाड कुठला! म्हणजे पिंप नाही, छावणी नाही, काही नाही. साहेब कुठल्यातरी कोठारात ब्लँकेटं मोजत बसलेत आणि फावल्या वेळात कादंबऱ्या उतरवून काढताहेत. ज्याच्यावर गोळ्या सुटतात, त्याला इतकं सुवाच्य कुठून लिहायला होणार? पोरगा आळशी होता, थापाड्या होता आणि सुखरूप होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा प्रूफरीडरांनी श्वास पुरता सोडला.

“सगळी द्या,” ते म्हणाले.

“न्या. चांगल्या घरी जातील,” दुकानदार सुतळी आवळत म्हणाला. “ज्या बाईंची होती, त्यांनी फार जपली. महिन्याला एक न्यायच्या. त्यांनाही युद्धाचंच हवं असायचं, पण गमतीचं. तीन महिन्यांपूर्वी डोळे गेले बिचारीचे. भिंत चाचपडत आल्या आणि सगळी परत ठेवून गेल्या. मी म्हटलं, राहू द्या की, घरी कुणीतरी वाचून दाखवेल. तर म्हणाल्या, वाचून दाखवणारे आहेत हो. मला आता लिहवत नाही.”