वरचं पिल्लू

प्राणिसंग्रहालयात झाडलोट करणाऱ्या मावशींचा इग्वाना सरड्याच्या एका पिल्लावर भारी राग होता. वीतभर हिरवं पिल्लू, पण रोज सकाळी बघावं तर दुसऱ्या पिल्लाच्या अंगावर पसरलेलं.

"ऊठ मेल्या, एवढ्या मोठ्या पिंजऱ्यात तुला दुसरी जागा नाही?" असं म्हणत मावशी त्याला झाडूच्या काडीने बाजूला सारायच्या.

एकदा तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी ते पाहिलं.

"मावशी, राहू द्या त्याला. तो भाऊ आहे आणि खाली बहीण आहे. यांची आई अंडी घालून निघून जाते, पिल्लांचं तोंडसुद्धा बघत नाही. मग घार दिसली की भाऊच बहिणीला असा अंगाखाली घेतो. झडप पडलीच तर आपल्यावर पडावी म्हणून."

मावशींनी वर पाहिलं. पिंजऱ्याच्या जाळीच्या वर एक घार घिरट्या घालत होती. झाडू हातात तसाच धरून त्या खाली बसल्या.

"काय झालं मावशी?"

"मी सहा वर्षांची असताना आमच्या घराची भिंत पडली, डॉक्टर. दादा त्यातच गेला. तोल जाऊन माझ्या अंगावर पडला असेल, असंच मी आजवर समजत होते."

मावशींनी हातातला झाडू बाजूला ठेवला.

"लोकांनी माती उपसून आम्हाला बाहेर काढेपर्यंत मी त्याला चिमटे काढत होते. म्हणत होते, सरक ना, किती जड आहेस."