दाराला फुगे होते

पुतणीच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसासाठी मी फिलिपिन्समधल्या बातांगासला पोहोचलो आणि दाराला फुगे पाहून आत शिरलो. पोरांनी नमस्कार म्हणून माझा हात आपापल्या कपाळाला लावला, कुणी भाजलेल्या डुकराची कुरकुरीत साल वाढली, तर कुणी "आजोबा, लाजता काय, गा की!" म्हणत माइक दिला. दुसऱ्या गाण्यात पुतणीचा फोन आला.

"काका, आहात कुठे? तुमच्यावाचून मेणबत्ती अडलीये!"

मी शरमेने ताट ठेवले आणि घर चुकल्याबद्दल सर्वांची क्षमा मागितली. त्या घरच्या उत्सवमूर्ती बाळाला कडेवर घेतलेला त्याचा बाप हसला.

"त्यात काय एवढं, आजोबा! तीन वर्षांपूर्वी मीसुद्धा या घरात असाच चुकून शिरलो होतो."