दोन रिंगांची खूण

"फोन उचलू नका, धोत्रेकाका!" मी रोज ओरडायचे. पतसंस्थेत माणसांना आणि संगणकांना मिळून फोनची लाइन एकच. शाखेच्या मोडेमचा फोन आला, की सर्व्हरच्या आधी काकाच उचलायचे आणि मोडेमच्या त्या किंचाळीला म्हणायचे, "सावकाश बोला, ताई."

शेवटी मी मोडेमची वेगळी स्क्रिप्ट लिहिली. शाखेने दोन रिंग देऊन कट करायचं. लगेच येणारा पुढचा फोन सर्व्हरच उचलणार. चारही शाखा झटक्यात जोडल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला डब्यातली खीर दिली. "दोन रिंग म्हणजे येताना दूध आणा, ही आमच्या घरची खूण. काल चारदा वाजल्या. चार लिटर नेलं."

"मग तीन रिंग करते."

"नको! तीन म्हणजे मेव्हणा राहायला आलाय. चार कर. चार म्हणजे तो गेला. रोज चारदा ऐकायला बरं वाटेल."